पीडितेचा न्याय आणि दुसऱ्याची सही

अमेरिकेत कायदेशीरपणे राहणाऱ्या बहुतेक परदेशी माणसांचा तिथला मुक्काम दुसऱ्या कोणाच्या तरी अर्जावर उभा असतो. कामगाराचा अर्ज मालक भरतो, बायकोचा नवरा भरतो, लहान मुलांचा आईबाप भरतात. घरात आणि कामावर सगळे सुरळीत असेतोवर ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. संबंध बिघडले की मात्र ज्याची सही त्याच्या हाती समोरच्याचे सगळे आयुष्य जाते. ‘पोलिसांना फोन केलास तर परत पाठवून देईन’ ही धमकी मारहाणीइतकीच परिणामकारक ठरते, कारण ती पोकळ नसते. अमेरिकन कायद्याने हे दुखणे ओळखले, त्यावर उपाय काढले आणि गेल्या तीसेक वर्षांत ते वाढवतही नेले. घरगुती हिंसाचार सोसणाऱ्या जोडीदारांसाठी, गुन्ह्यांना बळी पडलेल्यांसाठी, वेठबिगारीत अडकलेल्या कामगारांसाठी आणि आईबापांनी टाकलेल्या मुलांसाठी आज तिथे स्वतंत्र कायदेशीर वाटा आहेत. या वाटा मुळात योग्य आहेत, असे माझे मत आहे. पण जवळजवळ प्रत्येक वाटेवर कायद्याने पुन्हा एका परक्या सहीचा अडसर घातला आहे. कधी ती छळणाऱ्याच्याच कागदांशी जोडलेली असते, कधी पोलीस अधिकाऱ्याच्या मर्जीशी, कधी वर्षाला ठरवून दिलेल्या कोट्याशी. ज्या परावलंबनातून माणसाला सोडवायचे, त्याच परावलंबनाची अट सुटकेला घातली की सगळ्यात दुबळा माणूस सगळ्यात आधी गळतो.

या कायद्यांचा उगम पाहिला की मुद्दा स्पष्ट होतो. अमेरिकेत नागरिकाशी किंवा ग्रीन कार्डधारकाशी लग्न करून आलेल्या स्त्रीसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज नवऱ्यानेच करायचा असे, आणि तो मागे घेण्याचा अधिकारही त्याचाच असे. खोट्या लग्नांना आळा घालायचा म्हणून १९८६मध्ये त्यात आणखी एक अट आली: लग्न नवे असेल तर आधी दोन वर्षांचे सशर्त ग्रीन कार्ड मिळेल आणि दोन वर्षांनी दोघांनी मिळून अर्ज केला तरच ते कायम होईल. हेतू फसवणूक रोखण्याचा होता, पण मार खाणाऱ्या बाईला आणखी दोन वर्षे त्याच घरात अडकवण्याचे काम या अटीने केले. संसदेला हे चार वर्षांत कळले. १९९०च्या कायद्याने छळ झालेल्या जोडीदाराला एकट्याने अर्ज करायची सवलत दिली, आणि १९९४मध्ये स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायदा आला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिथले वकील त्याला ‘व्हावा’ म्हणतात. ग्रीन कार्डाचा जो अर्ज नवऱ्याने करायचा, तो पीडित बायकोने स्वतःच करायचा, ही त्यातली मध्यवर्ती कल्पना. नवऱ्याची संमती लागत नाही आणि त्याला कळवलेही जात नाही. कायद्याचे नाव स्त्रियांचे असले तरी पुरुषांनाही हा अर्ज करता येतो. छळ सोसणारी मुले आणि सज्ञान नागरिक मुलाकडून छळ होणारे म्हातारे आईबापही तो करू शकतात. हे शेवटचे कलम आपल्याकडच्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. नातवंडे सांभाळायला म्हणून नेलेल्या आईवडिलांचे हाल होण्याचे प्रकार काही फक्त सिनेमात घडत नाहीत.

या कायद्यातल्या दोन तरतुदी मला विशेष शहाणपणाच्या वाटतात. एक पुराव्याची. छळ झाला हे दाखवायला पोलिसांचा अहवाल किंवा न्यायालयाचा निकाल असलाच पाहिजे अशी सक्ती नाही. विश्वसनीय वाटेल असा कोणताही पुरावा विचारात घ्यावा लागतो. डॉक्टरांची टिपणे, मैत्रिणीचे शपथपत्र, धमक्यांचे मेसेज, समुपदेशकाचे पत्र हे सारे चालते. छळ म्हणजे केवळ मारहाण असेही नाही. पासपोर्ट दडवणे, पैसा हाती न देणे, माणसांशी बोलू न देणे, परत पाठवण्याची धमकी देणे, असे सतत चाललेले प्रकार मिळून क्रौर्य ठरू शकते. दुसरी तरतूद गुप्ततेची. १९९६पासून सरकारी यंत्रणेला अशा अर्जाची माहिती बाहेर फोडायला बंदी आहे, आणि केवळ छळ करणाऱ्याने पुरवलेल्या माहितीच्या आधारे अर्जदाराविरुद्ध निर्णय घेता येत नाही. बायको घर सोडून गेली की ‘तिने ग्रीन कार्डासाठीच लग्न केले होते’ अशी तक्रार करणारे नवरे किती असतात, हे कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक असावे.

मग अडते कुठे? ‘व्हावा’ची वाट फक्त तिच्यासाठी खुली आहे जिचा नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक आहे. पुण्या-नाशिकहून, नागपूर-कोल्हापूरहून लग्न होऊन अमेरिकेला जाणाऱ्या असंख्य मुलींचे नवरे मात्र एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असतात आणि त्या स्वतः एच-४ या अवलंबित व्हिसावर. ग्रीन कार्डांच्या वाटपात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. अभ्यासकांच्या अंदाजाने नोकरीच्या आधारावरील या रांगेत कुटुंबीय धरून दहा लाखांहून अधिक भारतीय आहेत. म्हणजे लग्नाची पहिली दहा-पंधरा वर्षे, ज्या काळात मुले होतात आणि घरात काय चालले आहे ते बाहेर कोणालाच कळत नाही, त्या काळात नवरा एच-१बीवर आणि बायको एच-४वर असते. त्याने तिला मारले तर ‘व्हावा’ तिच्या कामाचा नाही. तोच नवरा, तीच बायको, तीच मारहाण, पण नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळालेले असले तर कायदा तिच्यामागे उभा राहतो. दाराला कुलूप आहे आणि किल्ली नवऱ्याच्या व्हिसाच्या शिक्क्यात ठेवली आहे, असा हा कारभार आहे. घटस्फोट झाला की एच-४चा आधारच संपतो, म्हणजे सुटका मागणारी बाई सुटकेच्या हुकमाबरोबर देशातून बाहेर पडायच्या यादीत जाते.

ही फट अमेरिकन संसदेला दिसली नव्हती असे नाही. २००५च्या सुधारणेत एच व्हिसावरील छळग्रस्त जोडीदारांना कामाचा परवाना द्यावा अशी तरतूद झाली. तिचा अर्ज प्रत्यक्षात उपलब्ध व्हायला २०१७ उजाडले. आता असा परवाना दोन वर्षांसाठी मिळतो, तो वाढवूनही घेता येतो, आणि हाती चार पैसे आले की घर सोडायचे धैर्य येते हे खरेच आहे. पण त्या परवान्याने देशात राहण्याचा स्वतंत्र हक्क मिळत नाही, ग्रीन कार्डाकडे जाणारा रस्ताही उघडत नाही. काम करायला परवानगी, राहायला नाही, अशी ही अर्धी दया आहे. ‘व्हावा’चा अर्ज करण्याचा हक्क अवलंबित व्हिसावरील जोडीदारांनाही मिळाला पाहिजे, त्याखेरीज या तरतुदीला काही अर्थ नाही.

अशा बाईला आज वकील दुसरी एक वाट दाखवतात, ती यू व्हिसाची. २००० साली मानवी तस्करीविरोधी कायद्याबरोबर हा व्हिसा आला. अमेरिकेच्या भूमीवर घरगुती हिंसाचार, बलात्कार, अपहरण, पाठलाग अशा ठरावीक गंभीर गुन्ह्यांपैकी एखाद्याला बळी पडलेल्या आणि तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी माणसाला तो मिळतो. चार वर्षे राहता येते, तीन वर्षांनंतर ग्रीन कार्ड मागता येते. गुन्हेगाराचा व्हिसा कोणता याच्याशी काही देणेघेणे नाही, म्हणून एच-४वरील बाईलाही तो चालतो. पण इथे दोन परक्या सह्या आडव्या येतात. पहिली पोलीस किंवा सरकारी वकिलाची. ‘या व्यक्तीने तपासात मदत केली’ असे प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात त्यांनी द्यायचे असते, आणि ते दिलेच पाहिजे असे केंद्रीय कायदा सांगत नाही. नकार मिळाला तर केंद्रीय कायद्यात अपील नाही. कॅलिफोर्नियाने २०१६पासून स्वतःचा कायदा करून अधिकाऱ्यांना मुदतीत उत्तर देणे बंधनकारक केले, इतर काही राज्यांनीही तसे केले, पण सगळीकडे ते नाही. त्यामुळे एका शहरात सहज मिळणारी सही शेजारच्या परगण्यात मिळत नाही. शिवाय नवऱ्याला अटक झाली तर त्याची नोकरी जाईल, नोकरी गेली तर त्याचा व्हिसा जाईल आणि त्याच्याबरोबर आपलाही, हा हिशेब तिला पाठ असतो. तक्रार न करण्याचे कारण दरवेळी भित्रेपणा नसते, व्यवहारज्ञानही असते.

दुसरी सही कोट्याची. वर्षाला फक्त १०,००० यू व्हिसा देता येतात; कुटुंबीय त्यात धरत नाहीत. २०१०मध्ये हा कोटा पहिल्यांदा संपला आणि त्यानंतर रांग फुगतच गेली. अर्जदार आणि कुटुंबीय मिळून प्रलंबित प्रकरणे तीन लाखांच्या वर गेली आहेत. आज अर्ज करणाऱ्या बाईची शेंडेफळ मुलगी कॉलेजात जाईल तेव्हा कदाचित तिचा क्रमांक लागेल. २०२१मध्ये प्रशासनाने मध्यममार्ग काढला: अर्ज सकृतदर्शनी खरा वाटला तर प्रतीक्षेच्या काळात कामाचा परवाना आणि हद्दपारीपासून तात्पुरते अभय. पण असले अभय प्रशासनाच्या धोरणाने मिळते आणि धोरण बदलले की जाऊ शकते. फेब्रुवारी २०२५मध्ये तसा एक बदल झालाच. आता अर्ज फेटाळला गेला आणि अर्जदाराकडे दुसरा वैध व्हिसा नसला, तर हद्दपारीच्या खटल्याची नोटीस निघू शकते, आणि पीडितांच्या अर्जांनाही यातून सूट नाही. म्हणजे मदत मागायला गेलेल्या माणसाचा पत्ता मदत नाकारणाऱ्या कार्यालयात आयताच नोंदला जातो.

वेठबिगारीत अडकलेल्यांसाठीच्या टी व्हिसाचे उदाहरण मात्र वेगळे आहे, आणि भारतीयांच्या संदर्भात ते अभ्यासण्यासारखे आहे. कॅटरिना वादळानंतर अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्रातल्या तेल-फलाटांच्या दुरुस्तीसाठी माणसे कमी पडत होती. ‘सिग्नल इंटरनॅशनल’ या कंपनीसाठी २००६-०७मध्ये सुमारे ५०० भारतीय वेल्डर आणि पाइपफिटर आणले गेले. ग्रीन कार्ड मिळेल असे सांगून दलालांनी प्रत्येकाकडून दहा हजार डॉलर आणि त्याहूनही अधिक रक्कम उकळली होती. घरे, शेते, दागिने गहाण टाकून आलेल्या या लोकांच्या हाती पडला काही महिन्यांचा हंगामी व्हिसा, तोही त्याच एका कंपनीशी बांधलेला. मिसिसिपी आणि टेक्सासमधल्या कंपनीच्या छावण्यांत एकेका ट्रेलरमध्ये २४ जणांना ठेवले आणि त्यासाठी दरमहा हजार डॉलरहून अधिक पगारातून कापले. मार्च २००८मध्ये शंभरावर कामगार मिसिसिपीतल्या पास्कागूलाच्या गोदीतून बाहेर पडले, पुढे त्यांनी वॉशिंग्टनमध्ये उपोषण केले. २०१५च्या फेब्रुवारीत न्यू ऑर्लिन्सच्या ज्युरीने पहिल्या पाच फिर्यादींना सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची भरपाई दिली. त्याच वर्षी दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीने उरलेल्यांशी दोन कोटी डॉलरची तडजोड केली. यातल्या अनेकांना टी व्हिसा मिळाला. साखळदंड कोणालाच नव्हते. कर्जाचा बोजा आणि ‘बोललास तर परत जाशील’ ही धमकी एवढ्यावर भागत होते, आणि कायद्याच्या दृष्टीने हीसुद्धा वेठबिगारी ठरू शकते. टी व्हिसाचा वार्षिक कोटा ५,००० असून अनेक वर्षे तो निम्म्यानेही भरला नाही. पोलिसांचे प्रमाणपत्र इथे सक्तीचे नाही. तपासात वाजवी सहकार्य केले हे इतर पुराव्यानेही दाखवता येते. सहीची अट सैल केल्यामुळे अमेरिकेवर आभाळ कोसळलेले नाही, एवढे यावरून नक्कीच म्हणता येईल.

बाकीच्या वाटांचा धावता उल्लेख पुरे. आईबापांपैकी एकाने किंवा दोघांनी छळलेल्या, टाकलेल्या मुलांना १९९०पासून खास बालक दर्जा मिळतो. त्यासाठी आधी राज्याच्या न्यायालयाचा हुकूम लागतो आणि मग पुन्हा ग्रीन कार्डाची रांग. १९८०च्या कायद्यानुसार मिळणारा आश्रय वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट या कारणांनी होणाऱ्या छळासाठी आहे. देशात आल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो, आणि २०२५पासून त्याला १०० डॉलर शुल्कही लागते. घरात मार खाणाऱ्या स्त्रिया ‘सामाजिक गट’ ठरतात का, या प्रश्नाचे उत्तर २०१४मध्ये होय, २०१८मध्ये नाही आणि २०२१मध्ये पुन्हा जवळपास होय असे आले. ज्या प्रश्नाचे उत्तर निवडणुकीच्या निकालावर ठरते, त्याच्या भरवशावर कोणी घर सोडू नये.

या सगळ्यावर पहिला आक्षेप फसवणुकीचा घेतला जातो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अलीकडच्या वर्षांत शिकागो आणि मॅसॅच्युसेट्समध्ये केंद्रीय सरकारी वकिलांनी असे खटले दाखल केले की दुकानांत ठरवून खोटे दरोडे घालायचे, गल्ल्यावरच्या माणसाने बळी असल्याचे सोंग करायचे आणि त्या जोरावर यू व्हिसा मागायचा. त्यातले अनेक आरोपी भारतीयच आहेत. लाज वाटावी अशीच ही गोष्ट. पण या सोंगातला फायदा नेमका कुठे होता ते पाहायला हवे. व्हिसा मिळायला पंधरा-वीस वर्षे लागणार हे उघड असताना कोणी खोटा दरोडा कशाला रचेल? कारण खोट्या अर्जदारासाठी रांग हेच बक्षीस आहे. रांगेत उभे राहिले की काही काळाने कामाचा परवाना मिळतो आणि अर्ज तपासायला कोणाला सवड नसते. सहा महिन्यांत निकाल लागत असता तर असल्या नाटकाचा खर्चही भरून निघाला नसता. कोटा वाढवून तपासनीस वाढवणे हा पीडितांवर केलेला उपकार नव्हे, लबाडांविरुद्धचा सगळ्यात स्वस्त उपाय तो आहे. आणि प्रकरणे उघडकीस आली, खटले उभे राहिले, यावरून यंत्रणा आंधळी नाही हेही दिसते.

दुसरा आक्षेप नवऱ्यांच्या बाजूने येतो: त्याचे म्हणणे न ऐकताच निर्णय होतो, हा कसला न्याय? गुन्हेगारी खटला असता तर आक्षेप बिनतोड होता. पण ‘व्हावा’च्या अर्जात नवऱ्याला कोणतीही शिक्षा होत नाही. तिला राहू द्यायचे का, एवढाच तिथला प्रश्न. लग्न खरे होते, दोघे एकत्र राहिले, तिचे वर्तन चांगले आहे, हे सिद्ध करायचा भार तिच्यावरच असतो आणि बोटांचे ठसे तिचेच घेतले जातात. नवऱ्यावर आरोप ठेवायचा तर वेगळे न्यायालय आहे आणि तिथे त्याला वकील उभा करता येतो. तिची गोष्ट उलटी. इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. २००७ ते २०१२ या काळातल्या बारा लाखांहून अधिक प्रकरणांच्या अभ्यासात आढळले की फक्त ३७ टक्के लोकांकडे वकील होता, आणि कोठडीत असलेल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांकडे. पारडे कोणाकडे झुकले आहे याचा विचार आक्षेप घेणाऱ्यांनी करावा.

तिसरा प्रश्न आपल्याच दिवाणखान्यात विचारला जातो: एवढा त्रास आहे तर मुलगी सरळ परत का येत नाही? मूल नसेल आणि तिची इच्छा असेल तर येणे हा सन्मानाचाच मार्ग आहे. पण मूल असेल तर प्रकरण बदलते. आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाविषयीच्या १९८०च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे मुलाला घेऊन भारतात गेलेल्या आईकडून मूल परत मिळवणे अमेरिकन बापाला अवघड जाते, आणि म्हणूनच तिथली न्यायालये अशा आईकडे आधीपासून संशयाने पाहतात. तिच्यावर अपहरणाचा आरोपही येऊ शकतो. मूल मागे ठेवून एकटीने यावे, तर त्याचा ताबा कायमचा गेला असे समजायचे. ‘परत ये’ म्हणणाऱ्यांनी हा पर्याय तिच्यापुढे ठेवताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे.

राहिला सार्वभौमत्वाचा मुद्दा. कोणाला राहू द्यायचे हे अमेरिकेने ठरवावे, यात वाद नाही, आणि तिने ते ठरवलेही आहे. यू आणि टी व्हिसा आणणारा २०००चा कायदा सिनेटमध्ये ९५ विरुद्ध शून्य आणि प्रतिनिधीगृहात ३७१ विरुद्ध एक मताने मंजूर झाला. भावनेच्या भरात झालेले हे मतदान नव्हते. साक्षीदार घाबरून गप्प बसला तर गुन्हेगार मोकाट सुटतो आणि त्याचा पुढचा बळी अमेरिकन नागरिकही असू शकतो, हा पोलिसांचा अनुभव त्यामागे होता. म्हणून आजच्या सरकारने कोटा, प्रमाणपत्र आणि अवलंबित व्हिसाची फट या तीन जागा दुरुस्त केल्या, तर ते परक्यांवर खैरात केल्यासारखे होणार नाही. स्वतःच्याच कायद्याचा हेतू पुरा केल्यासारखे होईल.

अमेरिकेचा कायदा बदलणे मराठी वाचकाच्या हाती नाही, पण काही गोष्टी आहेत. लग्न ठरवताना मुलाचा पगार विचारतात तसा त्याचा व्हिसा कोणता आणि मुलीचा कोणता असणार हेही विचारावे. तिच्या पासपोर्टच्या, व्हिसाच्या आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती माहेरी ठेवाव्यात; लग्नाचे आणि एकत्र राहण्याचे पुरावे तिच्या स्वतःच्या ईमेलवर असावेत. न्यू जर्सीची ‘मानवी’ १९८५पासून, न्यूयॉर्कची ‘सखी’ १९८९पासून आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातली ‘मैत्री’ १९९१पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करत आहेत, ही नावे मुलीला निघण्याआधीच माहीत असावीत. कागदपत्रांसाठी परवानाधारक वकील किंवा अमेरिकी न्याय खात्याने मान्यता दिलेली संस्थाच गाठावी. ओळखीतल्या ‘सगळे करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाने भरलेला एक चुकीचा अर्ज आता हद्दपारीची नोटीस आणू शकतो. आणि तिथल्या महाराष्ट्र मंडळांना एक विनंती: अशी बाई दारात आली तर चार ज्येष्ठांनी बसून मांडवली करू नये. तिला आधी वकिलाकडे न्यावे. ‘व्हावा’च्या अर्जाला सरकारी शुल्क नाही, पण घटस्फोट झाला असेल तर तो निकालापासून दोन वर्षांच्या आतच करावा लागतो.